‘पुन्हा उलटेल का?’ : मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनंतरचे प्रश्न

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबद्दल आलेल्या पत्रांचा रोख बहुतेक वेळा एकाच प्रश्नाकडे असतो. ऑपरेशन कसं करतात हे फारसं कोणी विचारत नाही. उपचार संपले, आता आजार परत येईल का, एवढंच विचारतात. म्हणून या वेळचं पान त्यालाच दिलं आहे. पत्रं लांब होती, ती थोडक्यात दिली आहेत आणि ओळख पटेल असा तपशील काढला आहे.

प्रश्न : माझे मिस्टर ५७ वर्षांचे आहेत. चौदा महिन्यांपूर्वी मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. तिसरी स्टेज सांगितली. रिपोर्टमध्ये टी३ एन१ लिहिलंय, १७ पैकी २ लिम्फ गाठींमध्ये कॅन्सर होता. नंतर कॅपॉक्स केमो दिली, पण तीनच महिने. त्याच वॉर्डातल्या दुसऱ्या एकांना सहा महिने दिली. परत येण्याची शक्यता पंचवीस-तीस टक्के आहे असं डॉक्टर म्हणाले, तो आकडा डोक्यातून जात नाही. आता रक्तातला सीईए २.१ वरून ३.४ झालाय. डॉक्टर ‘ठीक आहे’ म्हणतात. ह्यांच्यासमोर मी काही बोलून दाखवत नाही, पण रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. आमचं काही करायचं राहून गेलं का?

उत्तर : ताई, आधी त्या पंचवीस-तीस टक्क्यांचं बघू, कारण झोप त्यानेच उडवली आहे. आकडा खोटा नाही. डेन्मार्कमध्ये देशभरातल्या रुग्णांच्या नोंदी ठेवतात. तिथे २०१४ ते २०१९ या काळातल्या रुग्णांमध्ये पाच वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण पहिल्या स्टेजला १०० पैकी ७, दुसऱ्या स्टेजला १२ आणि तिसऱ्या स्टेजला २५ च्या आसपास निघालं. त्याच देशात दहा वर्षं आधी तिसऱ्या स्टेजचा आकडा ३५ होता. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबरच. पण तो आकडा तुमच्या मिस्टरांना जसाच्या तसा लावू नका.

एक तर तिसरी स्टेज फार मोठी आहे. आतड्याजवळच्या एका लिम्फ गाठीत कॅन्सर सापडलेले त्यात येतात आणि दहा गाठींत सापडलेलेही येतात. टी३ म्हणजे कॅन्सर आतड्याच्या भिंतीच्या स्नायूपलीकडे गेला होता, पण बाहेरच्या आवरणातून फुटून निघाला नव्हता. एन१ म्हणजे एक ते तीन गाठींपर्यंतच पोचला होता. तिसऱ्या स्टेजमधला हा कमी धोक्याचा गट. शिवाय १७ गाठी तपासल्या ही चांगली गोष्ट आहे. निदान १२ तरी तपासाव्यात असा दंडक आहे, कारण कमी गाठी पाहिल्या तर स्टेजच चुकीची लागू शकते.

तीन महिन्यांच्या केमोचं उत्तरही इथेच आहे. २०१८ मध्ये ‘आयडिया’ नावाच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. तिसऱ्या स्टेजचे बारा हजारांहून जास्त रुग्ण, निम्म्यांना तीन महिने केमो, निम्म्यांना सहा महिने. तुमच्या मिस्टरांसारख्या कमी धोक्याच्या गटात कॅपॉक्स तीन महिने घेतलेल्यांपैकी तीन वर्षांनी आजाराशिवाय असलेले १०० पैकी ८५ होते, सहा महिने घेतलेल्यांपैकी ८३. फरक पडला तो हातापायांत. कॅपॉक्समधल्या ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधामुळे मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, शर्टाचं बटण बोटांना कळत नाही. सहा महिने घेतलेल्यांपैकी १०० मागे ४५ जणांना हा त्रास बऱ्यापैकी झाला, तीन महिने घेतलेल्यांमध्ये १५ च्या आसपास. काहींचा बधिरपणा कायमचा राहतो. तुमच्या डॉक्टरांनी हात आखडता घेतलेला नाही, विचार करून कमी दिली आहे. वॉर्डातल्या त्या दुसऱ्या गृहस्थांची फाईल वेगळी असणार. टी४ (बाहेरचं आवरण फोडून गेलेला) किंवा एन२ (चार किंवा जास्त गाठींत पोचलेला) असेल तर बरेच डॉक्टर सहा महिन्यांचाच आग्रह धरतात.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ओपीडीत ती सांगायला कोणाला सवड होत नाही. तुम्हाला सांगितलेला आकडा ऑपरेशनच्या दिवशीचा आहे. तो तिथेच थांबलेला नाही. हा आजार उलटायचा असेल तर दहापैकी आठ वेळा पहिल्या तीन वर्षांतच उलटतो, आणि पाच वर्षांनंतर क्वचित. तिसऱ्या स्टेजचे १०० जण घ्या, पाच वर्षांत २५ जणांचा आजार परत येतो असं धरा. त्यातले २० पहिल्या तीन वर्षांत कळतात. तीन वर्षं सुखरूप पार केलेले ८० उरले, त्यातल्या पाचांना पुढच्या दोन वर्षांत धोका, म्हणजे १०० मागे ६. हिशोब ढोबळ आहे, पण दिशा पक्की आहे. प्रत्येक चांगल्या स्कॅननंतर आकडा खाली येतो आणि घरातली माणसं मात्र पहिल्या दिवशीचाच आकडा उराशी घेऊन बसतात. चौदा महिने म्हणजे तुम्ही अजून धोक्याच्या काळातच आहात, हे मी लपवणार नाही. म्हणून पुढची एकही तपासणी चुकवू नका. पण आज पंचवीस-तीस टक्के नाहीत, हेही तितकंच खरं.

आता सीईए. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं हे प्रथिन १९६५ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी शोधलं. ते निरोगी माणसाच्या रक्तातही थोडं असतंच. बहुतेक लॅब ५ पर्यंत नॉर्मल धरतात. २.१ चं ३.४ होणं यात काही नवल नाही. मशीन बदललं, किट बदललं, सर्दी-ताप येऊन गेला, लिव्हरला सूज आली, तरी एवढा फरक पडतो. सिगारेट ओढणाऱ्यांचा आकडा मुळातच वर असतो. आम्ही काळजी करतो ती आकडा दर वेळी चढत गेला आणि ५ च्या वर गेला तर. तेव्हाही पहिलं काम म्हणजे काही आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करणं, आणि तीही चढलेली आली की स्कॅन. म्हणून तपासणी दर वेळी एकाच लॅबमध्ये करा आणि सगळे आकडे तारखेसह एका कागदावर एकाखाली एक लिहा. वेगवेगळे रिपोर्ट चाळून जे कळत नाही ते त्या एका कागदावर चटकन दिसतं. उलट बाजूही ध्यानात ठेवा. बऱ्याच जणांत आजार उलटूनही सीईए वाढत नाही, तेव्हा सीईए नॉर्मल आलाय म्हणून स्कॅन पुढे ढकलू नका.

‘आमचं काही राहून गेलं का’ असं तुम्ही विचारलंत. हा प्रश्न मी रोज ऐकते. मी फाईलची पानं उलटत असते आणि समोरच्या खुर्चीतल्या बाई रिपोर्टकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघत असतात. नाही ताई, तुमचं काही राहिलेलं नाही. आजार उलटतो तो ऑपरेशनच्या आधीच निसटलेल्या पेशींमुळे. मोठ्या आतड्याचं रक्त एका मोठ्या शिरेतून आधी लिव्हरमध्ये जातं, म्हणून तिथे सगळ्यात जास्त उलटतो, मग फुप्फुसात. या पेशी इतक्या थोड्या असतात की कुठल्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत, सर्जनच्या हाताला लागत नाहीत. केमो देतो ती त्यांच्यासाठीच. स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने १८८९ मध्येच लिहून ठेवलं की कॅन्सरच्या पेशी बियांसारख्या सगळीकडे पसरल्या तरी रुजतात फक्त मानवणाऱ्या जमिनीत. निसटलेल्या बहुतेक पेशी मरून जातात. कोणती रुजेल हे तुमच्या काळजी घेण्या-न घेण्यावर ठरलेलं नाही.

पुढच्या तपासण्या साधारण अशा असतात. पाच वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची भेट आणि सीईए. छाती आणि पोटाचा सीटी स्कॅन सहा महिन्यांनी किंवा वर्षाने. कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) ऑपरेशननंतर एका वर्षाने, म्हणजे ह्यांची झाली नसेल तर आत्ताच करून घ्या. ती चांगली आली की तीन वर्षांनी, मग पाच वर्षांनी. मधल्या काळात वजन उतरू लागलं, पोटदुखी दोन-तीन आठवडे हटली नाही, शौचातून रक्त गेलं, खोकला लांबला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

आणि ह्यांच्यासमोर बोला. त्यांनाही झोप लागत नसेल आणि तेही तुमच्यासमोर बोलत नसतील.

प्रश्न : वय ४६. दुसऱ्या स्टेजचा कॅन्सर होता, पण टी४ म्हणून केमो घ्यावी लागली. केमो संपून वर्ष होत आलं. मला दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन करून हवा आहे, डॉक्टर नाही म्हणतात. रक्तातल्या डीएनएची नवी तपासणी आणि ॲस्पिरिन याबद्दलही वाचलं. स्वतःसाठी जे जे शक्य ते सगळं करायची माझी तयारी आहे.

उत्तर : ही तयारी वाया जाऊ देऊ नका, फक्त तिची दिशा बदला.

जास्त स्कॅन केले की जास्त माणसं वाचतील असं आम्हा डॉक्टरांनाही वाटायचं. डेन्मार्क, स्वीडन आणि उरुग्वे इथल्या अडीच हजार रुग्णांवर हे तपासून पाहिलं. एका गटाला पहिल्या तीन वर्षांत पाच वेळा सीटी आणि सीईए, दुसऱ्याला फक्त दोनदा. २०१८ मध्ये निकाल आला. पाच वर्षांत मृत्यू पावलेले पहिल्या गटात १०० पैकी १३, दुसऱ्यात १४. फरक नाहीच म्हणायचा. ब्रिटनच्या एका अभ्यासात काटेकोर तपासण्यांमुळे पुन्हा ऑपरेशन करता येण्याजोगे रुग्ण जास्त सापडले, तेवढा फायदा खरा, आणि नियमित सीटी आम्ही त्यासाठीच सांगतो. पण दर तीन महिन्यांच्या पेटचं समर्थन करता येईल असं काही माझ्या हाती नाही. पेटमध्ये साधी सूजही चमकते, मग बायोप्सी, मग निकालापर्यंत जीव टांगणीला. आणि चिकट द्राव तयार करणारे काही कॅन्सर पेटमध्ये नीट चमकतच नाहीत. डॉक्टरांशी ठरवून ठराविक काळाने सीटी करा आणि मधले महिने मोकळे सोडा.

रक्तातल्या डीएनएची तपासणी, म्हणजे कॅन्सरच्या डीएनएचे अंश रक्तात शोधणं, खरोखर आश्वासक आहे. ऑस्ट्रेलियात दुसऱ्या स्टेजच्या रुग्णांमध्ये ऑपरेशननंतर ती करून केमो कोणाला द्यायची ते ठरवलं. केमो घेणारे २८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले आणि आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं नाही. पण तो प्रश्न होता केमो द्यायची की नाही हा. तुमची केमो झाली आहे. आता ही तपासणी करायची तर ती पॉझिटिव्ह आली आणि स्कॅन स्वच्छ निघाला तर पुढे काय करायचं, हे आधी डॉक्टरांकडून ऐकून घ्या. त्या उत्तराने समाधान झालं तर जरूर करा.

ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने सुरू करू नका. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड इथल्या अभ्यासाचा निकाल २०२५ मध्ये आला. कॅन्सरच्या गाठीत पीआयके३सीए या जनुकात ठराविक बदल असलेल्यांना रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन तीन वर्षं दिली. त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण १४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांच्या खाली आलं. गोळी ऑपरेशननंतर पहिल्या काही महिन्यांतच सुरू केली होती, हेही लक्षात घ्या. या जनुकातले आणि त्याच्याशी जोडलेल्या जनुकांतले बदल साधारण तीनपैकी एकाच्या गाठीत सापडतात. तुमच्या गाठीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) पॅथॉलॉजी विभागात ठेवलेला असतो, त्यावर आजही ही तपासणी होऊ शकते. ती करून, आणि पोटात अल्सर किंवा रक्तस्रावाचा इतिहास नाही ना हे पाहून, मग डॉक्टरांबरोबर ठरवा.

आता तुम्ही न विचारलेलं. व्यायाम! मी हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस मान डोलावतो आणि मनातून ऐकणं बंद करतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. कॅनडाच्या पुढाकाराने २००९ पासून चाललेल्या चॅलेंज अभ्यासात नेमके तुमच्यासारखे रुग्ण घेतले होते. तिसरी स्टेज किंवा धोक्याची दुसरी स्टेज, केमो संपलेली, एकूण ८८९. अर्ध्यांना फक्त आरोग्याच्या सूचनांची पुस्तिका दिली. उरलेल्यांना पुस्तिकेबरोबर तीन वर्षं प्रशिक्षक दिला, त्याने आठवड्याचा व्यायाम ठरवून द्यायचा आणि चुकला तर का चुकला ते विचारायचं. २०२५ मध्ये निकाल आला. पाच वर्षांनी आजाराशिवाय असलेले पुस्तिकावाल्यांमध्ये १०० पैकी ७४, व्यायामवाल्यांमध्ये ८०. आठ वर्षांनी हयात असलेले ८३ आणि ९०. एखाद्या नव्या औषधाने एवढा फरक दाखवला असता तर ते मिळवायला तुम्ही धडपडला असता.

किती करायचा? आधी जेवढं हालत होता त्याच्यावर, आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपझप चालणं. झपझप म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकं. त्या अभ्यासात स्नायू-सांध्यांची दुखणी व्यायामवाल्यांना थोडी जास्त झाली, तेव्हा हळूहळू वाढवा. पाय बधिर असतील तर सपाट जागी, घट्ट बसणाऱ्या बुटांनी. चालण्याचे दिवस कोणाला तरी सांगून ठेवा, म्हणजे चुकवलं तर विचारणारं कोणी असेल. माझ्या मते त्या अभ्यासातलं खरं औषध हेच होतं. पुस्तिका तर दोन्ही गटांना मिळाली होती.

प्रश्न : बाबा ६८ वर्षांचे. ऑपरेशननंतर वीस महिन्यांनी स्कॅनमध्ये लिव्हरवर दोन डाग दिसले, बायोप्सीत कॅन्सरच निघाला. घरात सगळ्यांनी आशा सोडली आहे. बाबांना आम्ही ‘लिव्हरला सूज आहे’ एवढंच सांगितलंय.

उत्तर : आशा सोडायची वेळ अजून आलेली नाही. लिव्हरमध्ये उलटलेला आतड्याचा कॅन्सर इतर बऱ्याच कॅन्सरांपेक्षा वेगळा वागतो. डाग मोजके असतील, दुसरीकडे काही नसेल आणि ते पूर्ण काढता येत असतील, तर ऑपरेशननंतर पाच वर्षांनी हयात असलेले १०० पैकी साधारण ४० असतात. त्यातले काही कायमचे बरे होतात. लिव्हरचा मोठा भाग काढला तरी उरलेला वाढून भर काढतो. लहान डाग सुई घालून जाळताही येतात. सगळ्यांना हे जमत नाही, पण जमेल की नाही हे घरी बसून ठरत नाही. लिव्हरची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनने हे स्कॅन केमो सुरू होण्याआधी पाहायला हवेत. केमोने डाग कधी कधी इतके आकसतात की नंतर कुठे होते तेच सापडत नाही. गाठीवर आरएएस, बीआरएएफ आणि एमएसआय या जनुकीय तपासण्या झाल्या आहेत का तेही विचारा, औषधं त्यावरून ठरतात. एमएसआय जास्त असेल, म्हणजे गाठीत डीएनएच्या चुका दुरुस्त होत नसतील, तर इम्युनोथेरपीचा (शरीराची प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांचा) चांगला उपयोग होऊ शकतो.

बाबांना सांगा. माझं मत ठाम आहे. एवढं मोठं ऑपरेशन करून घ्यायचं की नाही हे त्यांच्या शरीराबद्दलचं ठरवणं आहे, आणि सूज आहे म्हणून कोणी लिव्हर कापून घेत नाही हे त्यांनाही कळतं. एकदम सगळं ओतू नका. ‘बाबा, रिपोर्टबद्दल तुम्हाला किती ऐकायचंय?’ असं विचारा आणि ते थांबा म्हणतील तिथे थांबा. जमत नसेल तर डॉक्टरांच्या खोलीत, तुम्ही शेजारी बसून, डॉक्टरांना सांगू द्या. आजाराची शंका आलेला माणूस घरच्यांच्या चेहऱ्यांवरून उत्तर वाचत असतो, आणि ते बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा वाईट वाचतो.

प्रश्न : दादाला ३८ व्या वर्षी हा कॅन्सर झाला. त्याच्या रिपोर्टमध्ये ‘एमएसएच२ नाही’ असं लिहिलंय. मी ३४ ची आहे, मला काही त्रास नाही. मलाही तपासणी करावी लागेल का?

उत्तर : हो, आणि लवकर. एमएसएच२ हे पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणारं प्रथिन आहे. ते गाठीत सापडलं नाही, म्हणजे लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाची दाट शंका. आधी दादाने रक्ताची जनुकीय तपासणी करायची. त्याच्यात दोष निघाला तर तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी, आणि मग फक्त तोच एक दोष तुमच्या रक्तात शोधायचा. असला तर दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोकाही वाढलेला असल्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञांना हे सांगून ठेवायचं. पाळीव्यतिरिक्त रक्त गेलं तर लगेच दाखवायचं. दादाच्या रक्तात दोष नाहीच निघाला, तरी सख्ख्या भावंडाने आजाराच्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून कोलोनोस्कोपी सुरू करावी असा नियम आहे. तुमच्या बाबतीत ते वय २८ होतं, म्हणजे जनुकीय रिपोर्टसाठी खोळंबून न राहता कोलोनोस्कोपीची तारीख घ्या.

दादालाही एक सांगा. लिंच असेल तर जुना आजार उलटण्याखेरीज उरलेल्या आतड्यात नवा कॅन्सर होण्याचा धोका वेगळा असतो, आणि तो पाच वर्षांनी संपत नाही. सीटी आणि सीईएचा फॉलो-अप संपला तरी त्याची कोलोनोस्कोपी चालूच राहील.